मिलीमीटर काका आणि शकुनाचा वेढा

मिलीमीटर काकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसे, बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर असे. स्टीलचं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. लग्नाला गेले तरी ते खिशात, डॉक्टरकडे गेले तरी खिशात. एकदा मंडळाच्या गणपतीत माझे दोन मोदक त्यांनी ताटलीत शेजारी शेजारी ठेवले, व्हर्निअर काढून दोघांच्या बुडाचं माप घेतलं आणि म्हणाले, "चव उत्तम आहे. पण एकाच साच्यातले असून दीड मिलीमीटरचा फरक आहे. आल्झो, म्हणजे तुझा साचा नीट बंद होत नाहीये." माणूस प्रसादाला आलाय की तपासणीला, तेच कळेना. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. घरी येऊन साचा पाहिला, तर त्याची बिजागरी खरंच ढिली झाली होती.

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आसपासच्या सगळ्या मराठी मंडळींत त्यांना हेच नाव होतं. ऐन तारुण्यात कोल्हापूरहून इकडे आले, एका यंत्रांच्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत अख्खी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर ती खोली जणू बरोबर घेऊनच घरी आले. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी आखनला शिकवायची. शहराबाहेरच्या गावात उतारावर त्यांचं दुमजली घर होतं, खाली ते आणि वर भाडेकरू. आम्ही नवरा-बायको घर शोधून शोधून मेटाकुटीला आलो होतो. बाकीचे घरमालक पगाराची पावती मागायचे, यांनी एकच प्रश्न विचारला. "सोफा घेतलाय का? नसेल तर घेण्याआधी मला रुंदी सांगा. जिन्याच्या वळणावर अडकतो." पुढे आम्ही सोफा घेतला तेव्हा तो त्या वळणातून असा अलगद वर गेला, की उचलणारी माणसंही चकित झाली. काका खाली उभे राहून म्हणाले, "मापात असेल तर जोर लावावा लागत नाही. जोर लागला की समजायचं, माप चुकलंय."

हे वाक्य त्यांनी मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं, की माझ्या स्वप्नातही यायला लागलं. बरणीचं झाकण उघडेना, जोर लागतोय ना, मग माप चुकलंय. ऑफिसात बॉसशी पटत नाही, जोर लागतोय ना. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, जरा जोर लावल्याशिवाय जगात काही होतं का हो?" तर शांतपणे म्हणाले, "होतं. पण तुझ्या पिढीला घाई फार." असा माणूस घरमालक असला की त्याचा रागही धड येत नाही, कारण नळ गळायला लागला तर तुम्ही सांगण्याआधी तो वॉशर घेऊन दारात उभा असतो.

आमच्या दारावर आळीपाळीने एक पाटी लटकायची, केरवोखे. म्हणजे त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायची पाळी तुमची. नावातच केर आहे म्हणून मी हसले होते, पण काकांच्या बाबतीत हसण्यावारी नेण्यासारखं ते काही नव्हतं. पाळी माझी असली तरी ते मागून येऊन पायऱ्यांचे कोपरे बघायचे. अशाच एका शनिवारी झाडत झाडत मी तळघराच्या दारापर्यंत गेले. आतून गरम मेणाचा वास येत होता आणि मी आत डोकावले.

टेबलावर शिशाच्या गोळ्या रांगेत उभ्या होत्या. करंगळीच्या पेराएवढ्या जाड, लांबट, टोकाला गोल. काकांपुढे ओल्या कागदाच्या पट्ट्या होत्या आणि ते एकेक गोळी कागदात गुंडाळत होते. मला वाटलं चॉकलेटं आहेत. म्हणाले, "खाऊ नकोस, शिसं आहे." मग कळलं की गावच्या नेमबाजी क्लबाचे, शुट्झनफेराइनचे, ते कित्येक वर्षांचे सभासद आहेत आणि त्यांच्याकडे एक जुनी ठासणीची बंदूक आहे. पुढून काळी दारू ओतायची, वरून गोळी सरकवायची आणि मग नेम धरायचा. कुलूपबंद लोखंडी कपाटातून त्यांनी ती काढून दाखवली, तीही दोन्ही हातांवर तोलून. काकूंच्या लेखी ती सवत होती म्हणे. त्या तळघराची पायरी कधी उतरल्या नाहीत.

मी स्वतः मेकॅनिकलची, ब्रेक डिझाइन करते. म्हटलं, "गोळीला कागद कशाला?" बस, दुसऱ्या कुणाला विचारायला हवं होतं. काकांनी स्टूल पुढे ओढलं. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. मऊ शिसं त्यांना घासलं तर तिथेच चिकटून बसतं आणि नेम बिघडतो. म्हणून मध्ये कागद. तो खाचांत धरतो, गोळीला फिरकी देतो आणि तोंडातून बाहेर पडल्या क्षणी फाटून गळून जातो. गोळी एकटी पुढे जाते. "कागदाचं काम नळीपुरतं," काका म्हणाले. "बाहेर पडल्यावर त्यानं धरून ठेवलं तर गोळी भरकटते. आईबापांनी पण हे लक्षात ठेवावं." मुलगी आखनला आणि ते इथे, हे कसं जमवलं होतं ते मला तेव्हा समजलं.

पट्टी तिरकी कापायची. बरोबर दोन वेढे बसले पाहिजेत, टोकाला टोक भिडलं पाहिजे, एकावर एक चढता कामा नये आणि फटही राहता कामा नये. कागद ओला असताना वळायचा, म्हणजे वाळताना आवळून बसतो. खालचं शेपूट पिळून दुमडायचं. वाळला की मेणाचं बोट फिरवायचं आणि शेवटी गोळी डायमधून काढायची. डाय म्हणजे मधोमध भोक असलेला पोलादाचा ठोकळा, आरशासारखा आतून घासलेला. तरफ दाबली की कागदासकट गोळी त्यातून सरकून नेमक्या मापाची होऊन खाली पडते. सैल राहिली तर नळीत हलते, जाड झाली तर जातच नाही. काकांकडे अशा डाय ओळीने मांडलेल्या होत्या, सगळ्या स्वतः लेथवर केलेल्या आणि प्रत्येकीवर माप कोरलेलं. बिनमापाची वस्तू त्यांच्या तळघरात राहूच शकत नव्हती.

एकदा मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले. बाकीचे लोक गोळी झाडून झाली की दुर्बिणीतून निशाणाकडे बघत. काका आधी जमिनीकडे बघत. परवानगी मिळाली की पुढे जाऊन गवतातले कागदाचे तुकडे वेचत, तळहातावर पसरून नाकाजवळ धरत. तुकडा नीट चिरला असेल तर खूश. जळका किंवा चुरगळलेला असेल तर घरी येईपर्यंत बोलत नसत. क्लबचा अध्यक्ष, गोरापान, मिशाळ माणूस, मला म्हणाला की तुमचे काका निशाण सोडून कचऱ्याचा अभ्यास करतात. काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. निशाण नुसतं सांगतं की चुकलं. कागद सांगतो का चुकलं." आणि डब्यातला चिवडा त्यांनी अध्यक्षापुढे धरला. त्या क्लबात काकांचा नेम एकवेळ विसरतील लोक, चिवडा विसरणार नाहीत.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपाची बशी वाजायची, ती मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एके दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं. काळी दारू बाळगायचा परवाना शरद ऋतूत संपत होता आणि तो पुन्हा काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "हात असे असताना दारू हाताळणं बरोबर नाही. क्लबची शरदातली स्पर्धा शेवटची. मग बंदूक क्लबला देऊन टाकणार." हे ते अगदी सरळ आवाजात म्हणाले. पण खरी अडचण पुढेच होती. नेमबाजीला म्हाताऱ्यांसाठी लाकडी टेकू चालतो, बंदूक त्यावर ठेवता येते. ओला कागद वळायला टेकू कोण देणार? त्यांच्या बोटांत पट्टी फाटायची. क्लबातल्या कुणाच्या हातची गोळी त्यांना चालेना आणि साधी बिनकागदाची त्यांच्या बंदुकीला चालेना. स्पर्धेला बंदूक झडणार की कपाटातूनच क्लबला जाणार, असा प्रश्न होता.

मी प्रयत्न केला. खूप केला. माझ्या गोळ्या बघून काका फक्त "हं" म्हणाले. नवऱ्याने केलेल्या बघून तर तेवढंही म्हणाले नाहीत.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. मी त्यांना आईच म्हणते. आईंना रिकामं बसवत नाही. आल्याच्या तिसऱ्या दिवशी कापसाची पिशवी काढून जिन्याच्या वरच्या पायरीवर उन्हात बसल्या आणि वाती वळायला लागल्या. पाळी काकांची होती, ते झाडत वर आले आणि झाडू हातात धरून तिथेच थांबले. आईंच्या मांडीवर तळहाताखाली कापूस फिरत होता, बोट जरासं ओलं करून टोक पिळलं की वात तयार. काकांनी खिशातून व्हर्निअर काढलं. आई दचकल्या, त्यांना वाटलं काही वैद्यकीय आहे. काकांनी ताटातली एक वात उचलली, मोजली. दुसरी मोजली. मग तिसरी. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला एक विनंती होती."

तळघरात सगळं समजावून घेतल्यावर आईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "भाऊसाहेब, याला चरबी लावता का?" आई शाळेत इतिहास शिकवायच्या. कागद, काडतूस आणि चरबी एवढं ऐकलं की त्यांच्या डोळ्यांपुढे थेट सत्तावन्न साल उभं राहतं. काका म्हणाले, "मधमाशांचं मेण आणि ऑलिव्हचं तेल. चरबी लावली तर इथे उंदीर येतात." आईंनी तो खुलासा मान्य केला, हात धुतले आणि पदर खोचला. पहिली गोळी त्यांनी अशी वळली की काका उठून खिडकीपाशी गेले आणि उजेडात तिच्याकडे बघत राहिले. टोकाला टोक भिडलेलं, ना फट ना चढ. "कुठं शिकलात?" "यात काय शिकायचं? देवापुढे बसून हात वळतोच."

त्यानंतरचे आठवडे घरात आनंद होता, दुसरा शब्द नाही. रोज जेवण झालं की आई खाली. काका पट्ट्या कापायचे, आई वळायच्या आणि वळता वळता अख्ख्या सांगलीतल्या लोकांच्या भानगडी सांगायच्या. काकांना त्यातलं कुणी माहीत नव्हतं, तरी ते विचारायचे, "मग त्या धाकटीचं पुढे काय झालं?" काका मापावरून टोकायचे, आई त्यांना अंगात स्वेटर नाही म्हणून टोकायच्या. सरावाच्या गोळ्या मापात बसल्या, मैदानावरून येताना काकांच्या तळहातावर स्वच्छ चिरलेले कागद असायचे. मी ऑफिसातून आले की खालून दोघांचा आवाज यायचा आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं.

स्पर्धेच्या आधी काका थोडे दिवस मुलीकडे आखनला गेले. जाताना कागदाचा सगळा साठा आणि पट्टीचा नमुना आईंच्या हवाली केला. तो कागद सुती, एका छोट्या गिरणीत मागणीप्रमाणे बनणारा. नवा यायला आठवडे लागायचे. "वहिनी, स्पर्धेच्या तेवढ्या वळून ठेवा. डायमधून मी आल्यावर काढतो."

काका परतले तेव्हा आईंनी गोळ्या ताटात नीट मांडून ठेवल्या होत्या. शेपटं दुमडलेली, कागद खडखडीत वाळलेला. काकांनी एकीला मेण लावलं, डायमध्ये ठेवली, तरफ दाबली. अडली. त्यांनी जरा दाब वाढवला. आतून कागद फाटल्याचा बारीक आवाज आला आणि ते थांबले. दुसरी घेतली, तेच. मी शेजारीच उभी होते. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "जोर लागतोय." मग व्हर्निअर काढलं आणि मोजलं. सगळ्याच गोळ्या जाड होत्या.

वर येऊन त्यांनी आईंना विचारलं, तर आई सहज म्हणाल्या, "हो, एक वेढा जास्त घातलाय. शकुनाचा." सराव वेगळा, हे शुभकार्याला निघालेलं. आहेराच्या पाकिटावर आपण वरचं एक नाणं चिकटवतो, ओटीत एक मूठ जास्त घालतो, तसा स्पर्धेच्या प्रत्येक गोळीला त्यांनी पट्टी वाढवून तिसरा वेढा दिला होता. आणि कागद? कागद संपला. सगळा त्याच्यातच गेला.

मी कपाळाला हात लावला. स्पर्धा परवा होती. मग माझ्यातली इंजिनीअर जागी झाली, म्हटलं, "त्यात काय, पाण्यात भिजवू, उलगडू, जादा तुकडा कापू आणि पुन्हा वळू. रात्रीत वाळतील." आईंचा चेहरा पडला. त्यांना आपली चूक कळली होती, नाही असं नाही. तरीही म्हणाल्या, "चुकलं माझं, भाऊसाहेब. तुम्ही म्हणाल तर उलगडा. पण शकुनाचं एकदा घातलेलं माझ्या हातानं मी काढणार नाही. ते तेवढं मला सांगू नका." काका खुर्चीत बसून राहिले, हात मांडीवर. मला आईंचाही राग आला आणि काकांकडे तर बघवेना.

मग ते म्हणाले, आणि स्वतःबद्दल इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकलं होतं, "घर सोडलं तेव्हा आईनं डब्यात मोजून लाडू भरले आणि वर एक ठेवला. त्यानंतर माझ्या मापात कुणी शकुनाचं काही घातलं नव्हतं." एवढं बोलून उठले आणि खाली गेले. थोड्या वेळाने लेथचा आवाज यायला लागला.

मी घाबरून खाली धावले, म्हटलं, या हातांनी मशीन कशाला चालवताय. म्हणाले, "हात थरथरतो, टूल थरथरत नाही. ते घट्ट धरलेलं असतं." ते एक नवी डाय करत होते. हिचं तोंड रुंद आणि पुढे लांबच लांब हळूहळू अरुंद होत जाणारं. मला एकदम उमगलं. शिसं मऊ असतं, कागदाच्या आतूनही दबतं. एका दमात शेवटच्या डायमध्ये घुसवलं तर कागद फाटतो, पण मध्ये एक सोपी पायरी दिली तर गोळी आतल्या आत बारीक होते आणि वेढे तिन्ही शाबूत राहतात. काका आतून घासत होते, गोळी घालून बघत होते, पुन्हा घासत होते. मी पॉलिश पेपरच्या पट्ट्या कापून देत होते. शेवटी एक गोळी तरफेच्या वजनानेच सरकली आणि टपकन खाली पडली. मग नेहमीच्या डायमधून काढली, तीही गेली. कागदाला चीर नाही. काकांनी आईंना हाक मारून खाली बोलावलं. "वहिनी, माप नव्हतं चुकलं. मधली पायरी नव्हती."

आई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आधी स्वेटर घाला."

स्पर्धेला आई नऊवारी नेसून, वरून माझा हिवाळी कोट आणि कानांवर आवाज अडवणारी ती मोठी लाल टोपणं घालून बसल्या होत्या. काकांनी दारू ओतली ती अध्यक्षाच्या देखरेखीखाली, गोळी सरकवली, बंदूक टेकूवर ठेवली. धडाड झालं, पांढरा धूर पसरला आणि आईंनी हात जोडले. प्रत्येक बाराला जोडले. शेजारच्या जर्मन बायकाही शेवटी शेवटी जोडायला लागल्या. काका पहिले आले नाहीत. दुसरेही आले नाहीत. पण त्यांच्या निशाणावरची सगळी भोकं चहाच्या बशीखाली झाकली गेली असती आणि ते बघायला अध्यक्ष स्वतः आला. काका मात्र गवतात वाकून कागद वेचत होते. तळहात पसरून त्यांनी आईंना दाखवले. तिन्ही वेढे सुटे, पाकळ्यांसारखे, स्वच्छ चिरलेले. "बघा, शकुनाचा पण सुटला. जिथं सुटायचा तिथंच." आईंनी त्यातला एक तुकडा उचलून पर्समध्ये ठेवला. मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

बंदूक त्याच दिवशी क्लबच्या कपाटात गेली. आई सांगलीला परत गेल्या. पुढच्या वसंतात काकांनी खालचा मजला आवरला आणि ते आखनला मुलीच्या घराजवळ राहायला गेले. गोळ्यांचे साचे आणि डाय त्यांनी क्लबातल्या एका हौशी मुलीला दिल्या, एकेक माप वाचून दाखवत. जाताना माझ्या हातात दोन वस्तू ठेवल्या, ते व्हर्निअर आणि ती मधली डाय. "ही वहिनींची. पण पुन्हा आल्या तरी विमानात लोखंडाचं ओझं त्यांना नको. तू ठेव." मी त्यांना वाकून नमस्कार केला. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी कोपऱ्यात केर आहे का ते बघितलं आणि मग गाडीत बसले.

डाय मी आमच्या देवघरात ठेवली, आईंनी वळून दिलेल्या वातींच्या डब्याशेजारी. पुसताना लक्षात आलं की तिच्यावर काहीच कोरलेलं नाही. बाकी सगळ्यांवर मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप होतं, हिच्यावर काही नाही. फोनवर बोलताना मी विचारलं, "काका, त्या डायवर माप घालायचं राहिलं का हो?"

"राहिलं नाही," काका म्हणाले. "मोजलंच नाही. जोर लागायचा थांबला तेव्हा थांबलो."

व्हर्निअर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रोज वापरात आहे. डाय देवाजवळ आहे. मोजायला एक मिनिट लागणार नाही. मी अजून मोजलेली नाही.